पाहिलेलाच सिनेमा

कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार, हे कुणी सांगावं लागत नाही. राज्य जाणार, तारामती विकली जाणार, स्मशानात गाठ पडणार. तरीही बुवा उत्तररंगात त्या स्मशानाशी आले की बायका डोळ्यांना पदर लावतात. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला तेव्हा समोरच्यांना गोष्ट पाठच होती. १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली. १९३२ साली मराठी सिनेमा बोलू लागला तो प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधून, म्हणजे परत हरिश्चंद्रच. त्यामुळे ‘एकदा पाहिलेला सिनेमा माणूस परत का पाहतो?’ हा प्रश्न मला मुळातच उलटा वाटतो. शेवट कळावा म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे नंतर लागली. माहीत असलेलं पुन्हा ऐकण्याची, बघण्याची सवय तिच्या कितीतरी आधीची. श्रावणात हरिविजय लावणाऱ्या घरांना ती कुणी शिकवली नव्हती.

जुने आवडते सिनेमे पुन्हा पाहण्यावरच्या लेखांचा हा संग्रह उदगिरातून निघतोय, याचं काहींना नवल वाटेल. उदगीर म्हटलं की बाहेरच्या माणसाला १७६० ची लढाई आठवते, फार तर २०२२ चं ९५वं साहित्य संमेलन. सिनेमाच्या इतिहासात या गावाला पान नाही. इथे कधी स्टुडिओ उभा राहिला नाही. होता तो प्रेक्षक, आणि आमचा विषय तोच आहे. सिनेमा कोणी काढला, कशावर काढला, किती पैसे लागले, याची पुस्तकं पुष्कळ आहेत. तो कोणी, कुठे बसून, कितव्यांदा पाहिला, याची नोंद ठेवायला कुणाला सवड झालेली नाही.

नवख्या वाचकासाठी आमच्या भागाची एक गंमत आधी सांगतो. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं संस्थान गेलं. १९५६ ला हैदराबाद राज्यही गेलं आणि बीदर जिल्ह्यातलं उदगीर उस्मानाबादेत आलं. १९८२ ला लातूर वेगळा झाला तेव्हा लातुरात. सिनेमाच्या धंद्यातून मात्र निजाम गेला नाही. वितरकांच्या नकाशावर तेलंगण, मराठवाडा आणि बीदर-गुलबर्ग्याकडचा पट्टा ‘निजाम’ याच नावाने एकत्र राहिला. सरकारी नकाशे बदलले, रिळांच्या पेट्यांचा नकाशा तोच राहिला. हैदराबादेकडे बघत वाढलेल्या या गावांत म्हणूनच हिंदी सिनेमा आधी रुजला आणि मराठी सिनेमा पाहुण्यासारखा येत राहिला. संस्थानी शाळांत उर्दूतून शिकलेली पिढी तेव्हा गावोगाव होती. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधले संवाद पुण्यातल्या प्रेक्षकाला भारदस्त वाटले असतील. इथल्या म्हाताऱ्यांना ते समजत होते. पृथ्वीराज कपूरच्या अकबराने एखादा शब्द कसा उच्चारला यावर वाद घालणारी माणसं या गावात होती, आणि वाद मिटवायला पुन्हा तिकीट काढावं लागे.

पुन्हा पाहण्यामागे हौस होतीच, पण त्याहून मोठं कारण व्यवहाराचं होतं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. ‘शोले’ची लांबी तीन तास वीस मिनिटांच्या पुढे, म्हणजे १८ हजार फुटांहून जास्त फिल्म. एवढी प्रिंट काढायला पैसा लागे, म्हणून प्रिंटा मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत झिजत आणि मग तालुक्याला येत. नवा सिनेमा टक्केवारीवर, जुना ठरीव भाड्यावर. मोंढा बंद असला, पेरणीचे दिवस असले, गावात पैसा नसला की टॉकीजवाला जुनीच पेटी मागवायचा. त्यात त्याचं नुकसान कमी. तेव्हा आपल्या आवडीला ‘अभिजाताची ओढ’ वगैरे नाव देण्याआधी हा हिशोब ध्यानात घ्यावा. लोकांना तेच सिनेमे परत परत आवडले, कारण तेच परत परत लागत होते. आणि लागत होते, कारण लोक येत होते. यातलं आधी काय, याचा निकाल या पुस्तकातही लागलेला नाही.

झिजलेली प्रिंट हा एक वेगळाच अनुभव असे. रिळाचं टोक आणि शेपूट यांना सगळ्यांत जास्त मार बसतो, कारण मशीनवर चढवताना-उतरवताना हात तिथेच लागतो. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून सांधा मारणार. असं गावोगाव होत आलं की शेवटच्या गावात पोचलेला सिनेमा पहिल्या गावातल्यापेक्षा आखूड झालेला असे. एखादं वाक्य अर्ध्यात, एखाद्या गाण्याचं धृपदच गायब. या संग्रहात एका निवृत्त ऑपरेटरचा लेख आहे. दर अकरा मिनिटांनी, किंवा दोन रिळं जोडलेली असतील तर वीस-बावीस मिनिटांनी, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. हा माणूस आज घरी टीव्हीवर जुना सिनेमा बघतानाही त्या कोपऱ्याकडे बघत असतो. त्याने एकेक सिनेमा शेकडो वेळा चालवला आहे आणि त्यातले कितीतरी नीट पाहिलेलेच नाहीत. पुन्हा पाहण्याच्या आनंदाबद्दल त्याला विचारलं तर तो आधी कार्बनच्या कांड्यांच्या भावाबद्दल बोलतो. त्याचा लेख आम्ही मुद्दाम सुरुवातीला घेतला आहे.

टॉकीज नव्हती त्या गावांना तंबू होता. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवं यांच्या बाजाराबरोबर तमाशाचे फड लागतात. अशा यात्रांतूनच फिरत्या टॉकीजने महाराष्ट्र पालथा घातला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूंवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानला गेला. यात्रा वर्षाला एकदा, त्यामुळे सिनेमा परत भेटायचा तो वर्षाने. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी पांढरं धोतरवजा कापड ताणून लहान मशीनवर सिनेमा दाखवत, तेव्हा उशिरा येणाऱ्यांना कापडाच्या मागच्या बाजूला बसावं लागे. तिकडून नावं उलटी दिसत आणि डावखुरा अमिताभ उजव्या हाताने गोळी झाडी. दुसऱ्या रात्री पुढे जागा मिळाली की ‘याने हात कसा बदलला?’ म्हणून पोरं चकित. एकच सिनेमा दोन्हीकडून पाहिलेले प्रेक्षक जगात फार नसावेत.

आता या पुन्हा पाहणाऱ्यांच्या परंपरांकडे येऊ. पुस्तकात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत, पण नवख्याला निराळ्या ओळखता याव्यात.

सगळ्यांत जुनी ती पारायणवाल्यांची. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. विष्णुपंत पागनिसांना लोक तुकोबाच मानत. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं एक पद खुद्द तुकोबांचा अभंग समजून गायलं गेलं, आजही जातं. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ला बायका चपला काढून बसत. या प्रेक्षकाला सिनेमात नवीन काही सापडावं अशी अपेक्षाच नसते. त्याला दर्शन हवं असतं. पण गंमत अशी की वारंवार दर्शन घेणाऱ्यालाच मूर्तीमागची भिंत दिसते. ‘संत तुकाराम’ पहिल्यांदा पाहताना माणूस पागनिसांकडे बघतो. तिसऱ्या-चौथ्यांदा पाहताना सिनेमा गौरीच्या आवलीचा होऊन जातो. मूल तापाने फणफणलेलं असताना हातात पायताण घेऊन देवळात शिरणारी, विठोबाला जाब विचारणारी ती बाई. म्हैस, चूल, पोरं, वाण्याचं देणं हे सगळं तिच्या अंगावर, आणि नवरा टाळ घेऊन बसलेला. दामले-फत्तेलालांनी तिला कुठे हास्यास्पद केलेलं नाही आणि कुठे झुकवलेलंही नाही. आमच्याकडच्या एका शेतकरी लेखिकेने या आवलीवर लिहिलं आहे. तुकोबांना तिने दोन परिच्छेदांत वाटेला लावलं आहे. मला ते प्रमाण बरोबर वाटतं.

दुसरी परंपरा तमाशातून आली, आणि ती गोंगाटाची आहे. वगनाट्याला माणसं पुन्हा पुन्हा जात, कारण कथा तीच असली तरी सोंगाड्या रोज काहीतरी नवं सोडायचा. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके ताज्या बातमीवरून, समोर बसलेल्या पुढाऱ्यावरून बोलत. कालचा प्रयोग पाहिलेला माणूस आज काय नवं म्हणून पुन्हा येई. मग १९७१ मध्ये सबनीसांच्याच लेखणीतून ‘सोंगाड्या’ सिनेमा झाला. सिनेमात तर एक अक्षर बदलत नाही. ती उणीव पिटातल्या प्रेक्षकाने भरून काढली. पडद्यावरच्या वाक्याआधी वाक्य म्हणायचं, उत्तराला उत्तर जोडायचं, शिट्टी कुठे आणि चिल्लर कुठे हे ठरलेलं. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेल्या ‘शोले’चे तर नुसते संवाद तबकडीवर निघाले आणि लग्नाच्या मांडवांतून, हॉटेलांतून वाजले. डोळे मिटून सिनेमा पुन्हा पाहण्याचा हा प्रकार. परदेशात ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ला लोक मध्यरात्री वेष करून जातात आणि पडद्याला उलट बोलतात, याचं समीक्षकांना मोठं कौतुक. आमच्या थर्ड क्लासने ते वेष न करता केलं.

तिसरी परंपरा अभ्यासूंची. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायरांनी मिळेल ते रीळ जमवायला घेतलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर एकटा ‘पथेर पांचाली’ घेऊन चौकट न् चौकट उलगडत. अरुण खोपकरांनी गुरुदत्तच्या तीन सिनेमांवर ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ लिहिलं, तेही पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय होणारं काम नव्हे. शिरीष कणेकरांनी दुसरं टोक गाठलं. त्यांची ‘फिल्लमबाजी’ म्हणजे पाठ झालेल्या सिनेमांवरचा प्रेमळ आणि खट्याळ सूड होता. आणि आमच्या शेजारी, नांदेडात, विजय पाडळकरांनी गुलजारांच्या सिनेमावर ‘गंगा आये कहाँ से’ लिहिलं आणि ‘सिनेमाचे दिवस – पुन्हा’ या नावाचं पुस्तकच दिलं. मोठ्या शहरात न राहता, महोत्सवांच्या रांगेत उभं न राहता सिनेमावर गंभीरपणे लिहिता येतं, हा धीर मराठवाड्यातल्या आमच्यासारख्यांना पाडळकरांमुळे आला. या संग्रहावर त्यांचं ऋण आहे.

टीव्हीने चौथी परंपरा घातली, तिला परंपरा म्हणावं का हा प्रश्नच आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनची टॉवरं गावोगाव पोचली. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा, दुपारी उपशीर्षकं लावून प्रादेशिक. मग भाड्याने एका रात्रीपुरता आणलेला व्हीसीआर, एका रात्रीत तीन सिनेमे. मग केबल. २००७ मध्ये झी टॉकीज आलं आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घराघरांत कायमचा मुक्कामाला आला. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली कथा, संवाद पुन्हा वसंत सबनीसांचे. जेवताना, इस्त्री करताना, अधूनमधून बघायचा. कुठूनही सुरू केला तरी चालतो. मराठी माणूस तो इतका का बघतो यावर पुष्कळ लिहून झालं आहे, बहुतेक अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वेळेच्या भानाबद्दल. खरंच आहे ते. पण आमच्या भागातल्या पोरांना त्यात आणखी काही दिसतं. उदगीर, अहमदपूर, देवणीकडची पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात जातात, पेठांमधून कॉट बेसिसवर राहतात, ‘फक्त कुटुंबासाठी’ अशी पाटी वाचून परत फिरतात. पुण्यात जागा मिळावी म्हणून साडी नेसून बायको होणारे ते दोघे त्यांना अतिशयोक्ती वाटत नाहीत. एका मुलाने लिहिलं आहे की सुट्टीला घरी आला आणि टीव्हीपुढे बसला की आजी विचारते, ‘कितीबार बघूलालास रे त्योच पिच्चर?’ तो सांगतो, जागा मिळेपर्यंत.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर जरा अडचणीचं आहे. पुन्हा पाहणं आज इतकं सोपं झालंय की त्याचा विचारच होत नाही. फोनवर दोन बोटांत सगळं मिळतं. पण याच काळात छोट्या गावांतली टॉकीजं उपग्रहावरून येणाऱ्या डिजिटल सिनेमावर गेली, ३५ मिलिमीटरची मशीनं मोडीत निघाली आणि त्यांच्याबरोबर जुन्या प्रिंटांचा फेरा थांबला. नवा सिनेमा आता उदगिरात मुंबईच्याच दिवशी लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे. जुना लागत नाही. मिळतो तो एकेकट्याला, कानात बोंडं घालून. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. एवढ्या वर्षांत काय काय हातातून निसटलं याचा अंदाज त्यावरून करावा.

दुसऱ्या बाजूने मोठ्या शहरांत जुने सिनेमे थिएटरात परत येऊ लागलेत. राही बर्वेंचा ‘तुंबाड’ २०१८ ला आला तेव्हा थोड्यांनी पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा झाला. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दुरुस्त केलेला ‘शोले’ दाखवला, त्यात आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट परत जोडला आहे. पन्नास वर्षं ज्यांना शेवट पाठ आहे, त्यांच्यापुढे दुसराच शेवट! आमच्या गटात यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हाच खरा ‘शोले’. दुसरा म्हणाला, पाहिला तोच खरा. मी दुसऱ्या तटात आहे.

आता थोडं कडू. जुनं ते सोनं असं हे पुस्तक म्हणत नाही. सगळेच सिनेमे पुन्हा पाहण्याला टिकत नाहीत. दादा कोंडक्यांच्या सिनेमातल्या बायकांवरच्या काही विनोदांना आज हसता येत नाही, आणि तेव्हा आपण का हसलो याचं उत्तरही सोयीचं नाही. ‘माहेरची साडी’ने (१९९१) गावेच्या गावे रडवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका आल्या, परत आल्या. आज तो पाहताना मला त्या सुनेपेक्षा तिच्याभोवतीच्या घराचा राग येतो, आणि सिनेमाला तो राग यायला हवा होता असं वाटतं. पण रडायला जागा नसलेल्या बायकांनी तीन तास अंधारात रडून घेतलं, हेही खरं आहे, आणि त्यांच्यातल्याच एकीने इथे लिहिलेला लेख माझ्यापेक्षा जास्त जाणतो.

याच्या उलट ‘कुंकू’ (१९३७). व्ही. शांतारामांचा हा सिनेमा विशीत पाहिला की माणूस शांता आपटेंच्या नीरेबरोबर उभा राहतो, राहायलाच हवं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली, पण बायको व्हायला नकार देणारी ती मुलगी. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. साठीला आल्यावर पाहिला की नजर केशवराव दात्यांच्या काकासाहेबांवर जाते. फुटलेल्या आरशाच्या तुकड्या-तुकड्यांत त्यांना स्वतःचे अनेक चेहरे दिसतात, तो प्रसंग विशीत नुसता कॅमेऱ्याचा चमत्कार वाटला होता. आता तो बघवत नाही. नीरेची बाजू जराही कमी होत नाही, सिनेमा मात्र दुप्पट होतो. ज्या सिनेमात असं घडतं, तेच आम्ही या संग्रहासाठी शोधत होतो.

तर पुस्तकाबद्दल. लिहिणाऱ्यांना अट एकच होती: सिनेमा पूर्वी पाहिलेला असावा आणि लिहायला बसण्याआधी पुन्हा पाहिलेला असावा. केवळ आठवणीवर लिहिलेले लेख आम्ही परत केले, त्यात फार सुंदरही होते. आठवण सिनेमाला गोड करते आणि पडदा तो गोडवा उतरवतो; आम्हाला हे उतरवणं हवं होतं. लेखकांत शिक्षक आहेत, वकील आहेत, कापड दुकानदार, अंगणवाडीतल्या बाई, तो ऑपरेटर आणि पुण्यातली ती पोरं. समीक्षक म्हणवून घेणारे थोडे. मराठी, हिंदी, एखादा तेलुगूही. सीमेवरच्या गावाने एकाच भाषेत सिनेमे पाहिले असं भासवण्यात अर्थ नव्हता. गावाकडची बोली ज्यांनी लिहिली, त्यांची आम्ही शुद्ध केलेली नाही. कथासार जिथे फार लांबलं तिथे कापलं, वाचकाने सिनेमा पाहिला असावा असं गृहीत धरून. नसेल तर त्याने आधी सिनेमा पाहावा, एकदा.

‘पिंजरा’वर (१९७२) दोन लेख आहेत आणि ते शेजारी-शेजारी ठेवले आहेत. एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या मते मास्तरांची ती घसरण मराठी पडद्यावरची सर्वांत मोठी शोकांतिका आहे. एका तरुण प्राध्यापिकेच्या मते मास्तरांच्या घसरणीचं बिल नाचणारीच्या नावावर फाडण्याचा तो थाटामाटाचा प्रकार आहे. दोघांनी सिनेमा लहानपणी पाहिला होता, दोघांनी लिहिण्याआधी पुन्हा पाहिला. त्यांनी एकमेकांचे लेख वाचले आहेत, आणि दोघांनीही आपल्या लेखातला एक शब्द बदललेला नाही.